वेदीपुढचा डाग

२ नोव्हेंबर, रविवार

आज सर्व मृतांचा दिवस. संध्याकाळी पत्नीच्या, मेल्विनाच्या थडग्यावर मेणबत्ती लावून घरी परतलो. दार उघडताच डोळ्यांत पाणी आणणारा एक उग्र दर्प नाकात शिरला. घरातल्या मारिया मातेच्या वेदीपुढच्या गालिच्यावर, ऐन मध्यभागी, बशीएवढा ओला डाग पडला होता. शेजारच्या कार्मेलिनाबाईंचा बोका खिडकीच्या चौकटीवर बसून पंजा चाटत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, चाटणे पूर्ण केले आणि मगच तो कुंपणापलीकडे उतरला.

बोक्याचे नाव ‘रेय’. पोर्तुगीज भाषेत राजा. ज्या घरात बोक्याला राजा म्हणतात, त्या घराकडून शिस्तीची अपेक्षा तरी कशी करावी?

हा गालिचा अ‍ॅलनने, म्हणजे आमच्या मुलाने, मस्कतहून आणला होता. मेल्विनाने तो वेदीपुढे अंथरला आणि शेवटच्या आजारापर्यंत रोज संध्याकाळी त्यावर गुडघे टेकून जपमाळ म्हटली. तिच्या गुडघ्यांनी दोन ठिकाणी लव दबली आहे. केर काढताना त्या दोन खुणांवरून मी कधीही झाडू फिरवलेला नाही.

डाग नेमका त्या खुणांवर आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कुंपणापाशी उभा राहून मी कार्मेलिनाबाईंना हाक मारली. त्या पर्यटकांसाठी दोन खोल्या चालवतात आणि त्यांना मासळीचे जेवण घालतात. त्यामुळे त्यांचे हात सदैव हळदीने पिवळे असतात.

“कार्मेलिनाबाई, आपल्या बोक्याने माझ्या घरात मूत्रविसर्जन केले आहे.”

“काय केल्यान?”

“मूत्रविसर्जन.”

“मुतलो म्हणा मां, मास्तरांनू! अर्ध्या देवबाग गावाक समाजला असता.”

तरीही त्या आल्या. गालिच्याशी वाकल्या, डागापासून वीतभर अंतरावर नाक नेले आणि शांतपणे म्हणाल्या, “खंय आसा वास? माका कायेक येणा नाय. पाणी सांडला असतला.”

त्या दर्पाने माझे डोके भणभणत होते आणि ही स्त्री त्याच दर्पात नाक बुडवून तो नाकारत होती! छत्तीस वर्षे मी वर्गात मराठी शिकवली. खोटे बोलणारी मुले पुष्कळ पाहिली. परंतु त्यांची नजर तरी खाली जात असे. या बाईंची नजर सरळ माझ्यावर होती.

“आणि तुमका इतकोच त्रास होता तर ती खिडकी लावन घेवा. उघडी खिडकी बघल्यावर बोकोच काय, पाद्रीसुद्धा भितर येतलो.”

वेदीजवळची ती खिडकी मेल्विनाने दिवसा कधी लावली नाही. मीही लावणार नाही. चोराने चोरी करावी आणि धन्याला दार लावायला सांगावे, हा न्याय मला मान्य नाही.

दुपारी सॅविओ आला. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, यंदा सायबिणीच्या भेटीची व्यवस्था त्याच्याकडे आहे. मारिया मातेची मूर्ती रोज एका घरी मुक्काम करते आणि दुसऱ्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गात गात पुढच्या घरी नेली जाते. गेल्या वर्षी आमच्या घरात दुखवटा होता म्हणून ती दारावरून पुढे गेली. यंदा ती २७ तारखेला येईल. सारा वाडा येईल आणि याच गालिच्यावर गुडघे टेकील.

सॅविओने मोबाइलवर तयार केलेल्या निवेदनात ‘भेट होनार’ असे लिहिले होते. मी ‘ण’ सुधारून दिला. तो म्हणाला, “सर, देवाक ‘न’ चलता.” मी म्हणालो, “मला चालत नाही.”

जाता जाता तो दारात थबकला आणि त्याने नाक आक्रसले. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. बायको गेली आणि मास्तरचे घर नासले, असे वाडा म्हणणार. म्हणणार तेही मेल्विनाच्या वेदीपुढे बसून. ते मी होऊ देणार नाही. आणि हे ज्यांच्यामुळे घडले, त्यांना त्याची किंमत मोजायला लावल्याशिवाय राहणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कढत पाणी आणि फिनेल घेऊन डाग खसाखसा घासला. आता बशीचे ताट झाले आहे, आणि फिनेल व बोका हे दोन्ही वास एकमेकांच्या गळ्यात गळा घालून घरभर हिंडत आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

रेय पुन्हा आला आणि फिनेलच्या जागी पुन्हा तेच करून गेला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मुंबईला अ‍ॅलनशी फोनवर बोललो. त्याच्याकडे दोन मांजरे आहेत, हे मला आजच कळले. माझे सर्वच चुकले, असे त्याचे म्हणणे. घासू नये, घासल्याने मूत्र धाग्यांच्या तळाशी जाते. जुना पंचा दाबून ते टिपून घ्यावे. पाणी थंड असावे. कढत पाण्याने डाग पक्का बसतो आणि वास उफाळतो. फिनेल तर मुळीच नको. तो वास आला की बोक्याला वाटते, आपल्या जागेत कोणी परका शिरला आहे, आणि तो आपली सही पुन्हा ठोकून जातो.

“बाबा, घरात व्हिनेगर आसा? एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्यो पाणी. मगे सुकल्यावर खायचो सोडो पसरा.”

शिरका होता. माडाच्या सुरेचा, मेल्विनाने स्वतः घातलेला, शेवटची बाटली. नाताळाच्या सोरपोतेलासाठी, त्या डुकराच्या आंबट-तिखट मटणासाठी, ती मी फडताळात मागे ठेवली होती, जरी सोरपोतेल आता कोण करणार हे मला सांगता आले नसते.

बूच काढले तेव्हा क्षणभर स्वयंपाकघरात नाताळ आला. मग मी तो शिरका बोक्याच्या मुतावर ओतला.

हेही कार्मेलिनाबाईंच्या नावे मांडून ठेवले आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसा उन्हात वास जातो. संध्याकाळी खाडीकडून दमट वारा सुटला की परत येतो. अ‍ॅलन म्हणतो, मूत्रातले क्षार तळाशी कोरडे होऊन निजतात आणि ओलावा लागला की जागे होतात. तो आता मुंबईहून कसलेसे द्रावण पाठवणार आहे. त्यातले एन्झाइम हे क्षारच खाऊन टाकते. मराठीत त्यास विकर म्हणतात, हे मी त्याला सांगितले.

आज एक समाधानाची घटना. इगर्जीतल्या प्रार्थनेहून परतल्यावर व्हरांड्यात बसलो होतो. कुंपणापलीकडून भात करपल्याचा वास येऊ लागला, मग धूर. कार्मेलिनाबाई मागच्या पायरीवर, चुलीपासून चार हातांवर, तिसऱ्यांचे शिंपले साफ करत गाणे गुणगुणत बसल्या होत्या. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. भांडे काळेठिक्कर होईपर्यंत त्या गात राहिल्या, आणि मी वर्तमानपत्राआडून ऐकत राहिलो. धूर डोळ्यांत गेला तेव्हाच त्या उठल्या.

एवढ्या बेफिकीर बाईच्या हातचे लोक जेवतात तरी कसे?

१२ नोव्हेंबर, बुधवार

लोक जेवतात, पण त्यांना ते पचत नाही. पुण्याचे एक कुटुंब सकाळी पोट धरून, मुक्काम अर्धा टाकून निघून गेले. बांगडे खराब होते, असे गृहस्थ जाताना मोठ्याने म्हणाले. त्यानंतर कुंपणाशी कार्मेलिनाबाई आणि मासळीवाली विमला यांचा संवाद झाला, तो मी अक्षरशः उतरवून ठेवतो, कारण मला तो फार आवडला.

“ताजे म्हणान दिलंस मां गो माका?”

“मी ताजेच म्हणतलंय! इकणारीन काय कुसके म्हणान इकतली? तू नाक लावन बघूचा मां! नुसते डोळे बघून, बोट दाबून कोण मासो घेता?”

यावर कार्मेलिनाबाई पाठ फिरवून घरात गेल्या. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी भांडण अर्ध्यावर सोडलेले मी प्रथमच पाहिले. मला तो दिवस गोड गेला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

द्रावण आले, सोबत अ‍ॅलनने जांभळ्या प्रकाशाची एक विजेरी पाठवली आहे. भरदुपारी दारे आणि अन्य खिडक्या लावल्या, वेदीजवळच्या खिडकीवर चादर टाकली आणि विजेरी लावली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे डाग गालिच्यावर हिरवट पिवळे चमकू लागले. खिडकीखाली, कडेला, माझ्या खुर्चीच्या पायाशी. राजाने आपल्या राज्याची सीमा आखली होती!

कपाटातला जुना खडू काढला आणि प्रत्येक डागाभोवती वर्तुळ काढून क्रमांक घातला. वेदीपुढच्या सर्वांत मोठ्या डागाला मी पहिला क्रमांक दिला. चुकीच्या उत्तराभोवती वर्तुळ काढताना पूर्वी जी तृप्ती वाटे, ती आज पुष्कळ वर्षांनी वाटली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दात घासायला मागच्या अंगणात गेलो तो गॅसचा वास. कुंपणापलीकडून. कार्मेलिनाबाई स्वयंपाकघरात हातात काड्यापेटी घेऊन उभ्या होत्या.

“बाई, थांबा! गॅस!”

“खंयचो गॅस?”

मी कुंपण कसे ओलांडले ते मला स्मरत नाही. धोतराचा सोगा तारेत अडकून फाटला एवढे खरे. आत जाऊन टाकीचे बटण फिरवले, त्यांच्या हातातली काड्यापेटी हिसकावली, खिडक्या उघडल्या. बाई पाटावर बसल्या. तोंड पांढरेफटक पडले होते. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “मास्तरांनू, कोणाक सांगू नकात.”

हलगर्जीपणाची लाज वाटत असावी. तरीही ज्या स्त्रीला स्वतःच्या नाकासमोरचा गॅसदेखील कबूल करायचा नाही, तिचा हट्ट कोणत्या थराला गेला असेल! मी गेलो तो केवळ यासाठी, की त्यांच्या घराला आग लागली असती तर माझ्या कौलांना लागायला वेळ लागला नसता. हा मुद्दा स्पष्ट राहावा.

परतताना रेय माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसलेला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सॅविओला सांगून पाहिले, की सायबीण माझ्याकडे कार्मेलिनाबाईंच्या घरून येण्याऐवजी पलीकडच्या घरून यावी.

“सर, सायबीण वाट बदलणा नाय. खाडयेच्या तोंडाकडसून घराक घर. कार्मेलिनाकडसून तुमच्याकडे, तुमच्याकडसून आमच्याकडे. आणि जो हाडता, तो आल्तारापुढे पयलो गुडघे टेकता. तां तुमका मी काय सांगू?”

मला ते ठाऊकच होते. परंतु त्याने ते उच्चारताच माझ्या डोळ्यांपुढे एक चित्र उभे राहिले. कार्मेलिनाबाई मूर्ती ठेवतात. सर्वांच्या पुढे, सर्वांच्या देखत, वेदीसमोर गुडघे टेकतात. आणि ज्या डागाला त्यांनी सांडलेले पाणी म्हटले, त्या पहिल्या क्रमांकाच्या डागावर, मातेच्या नावांची अख्खी लितानी संपेपर्यंत, नाक खाली घालून राहतात. उठता येणार नाही. नाक दाबता येणार नाही. ‘वास येत नाही’ असे म्हणायला तोंड मोकळे असणार नाही, कारण तोंडात प्रार्थना असेल.

पहिला क्रमांक मी धुणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

इतर सर्व वर्तुळांवर विकर ओतले. ते वरवर शिंपडून चालत नाही. मूत्र जितके खोल गेले तितके द्रावणही गेले पाहिजे, आणि लगेच वाळता कामा नये. म्हणून वर प्लास्टिक पसरून ठेवले. गालिचा उलटून खालची लादीही धुतली. बोका येऊ नये म्हणून दिवसभर मेल्विनाचा माडाच्या हिरांचा झाडू मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसतो. रेय कुंपणावर बसतो. आम्ही एकमेकांकडे पाहत असतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गालिचा वाळला. गुडघ्यांवर बसून प्रत्येक वर्तुळाला नाक लावले. निर्गंध. खडू झटकून टाकला.

पहिल्या वर्तुळावर पाट टाकून ठेवला आहे. मेल्विनाच्या गुडघ्यांची जागा मी जाणूनबुजून अस्वच्छ ठेवत आहे, हे तिला रुचले नसते. परंतु तिला कार्मेलिनाबाईंचे काहीच कधी खटकत नसे. त्यांच्या कुंपणावरून ती पातोळ्यांची ताटली घेई आणि रिकामी ताटली कधी परत करत नसे. तीत काही ना काही असेच. त्या वेळीही मी तिला म्हणत असे, एवढी सलगी बरी नव्हे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सर्व तयारी झाली आहे. चणे शिजवून खोबरे घालून ठेवले. पांढरी विजार, पांढरा सदरा. पाट उचलला आणि पहिल्या क्रमांकावर वाटीभर कोमट पाणी शिंपडले. निजलेल्याला जागे करायला तेवढे पुरे. पाच मिनिटांत मला स्वतःलाच अंगणात येऊन उभे राहावे लागले.

आता गाण्याचा आवाज येऊ लागला आहे. पुढचे मंडळी गेल्यावर लिहीन.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल लिहिणे जमले नाही. जे घडले ते क्रमाने लिहितो.

कार्मेलिनाबाई मूर्ती दोन्ही हातांत धरून आल्या. त्यांनी स्वतःच्या अंगणातल्या अबोलीचा गजरा मातेला घातला होता. दारात मी मूर्तीला नमस्कार केला, त्यांनी ती वेदीवर ठेवली आणि ठरल्याप्रमाणे त्या गालिच्याच्या मध्यभागी गुडघ्यांवर बसल्या. मी मागे, भिंतीशी, पुस्तक घेऊन उभा राहिलो. प्रार्थना शुद्ध उच्चारांत वाचणे हे वाड्यावर माझे काम.

सॅविओ म्हणाला, “सर, तुमी फुडे.”

“मी का?”

“घेणारोय गुडघे टेकता मां? बाजूक बाजू. पयली मेल्विना आंटी टेकायची.”

इतकी वर्षे सायबीण घेणारी मेल्विना होती. मी सदैव तिच्या पाठीमागे पुस्तक धरून उभा. माझ्या संपूर्ण बेतात घेणाऱ्याची जागा रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हेही माझ्या लक्षात आले नव्हते.

मी पुढे गेलो. दुसरी जागा नव्हती. पांढऱ्या विजारीचे दोन्ही गुडघे मी माझ्या हाताने भिजवलेल्या त्या डागावर टेकले. खांद्याला खांदा लावून कार्मेलिनाबाई. त्या तन्मयतेने गात होत्या. मी श्वास रोखून ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणत होतो; लितानी इतकी लांब आहे, हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवले नव्हते.

मागे कुजबुज सुरू झाली. कोणी खोकले, कोणी पदर नाकाला लावला. प्रार्थना संपून मी उठलो, आणि सर्वांच्या नजरा गालिच्याकडे न जाता माझ्या विजारीकडे गेल्या. दोन्ही गुडघ्यांवर पिवळसर ओले डाग. त्या नजरांत राग नव्हता. राग असता तर मला चालले असते. त्यांत दया होती.

सॅविओची पत्नी रिशेल रुग्णालयात परिचारिका आहे. ती जवळ आली, माझा दंड धरला आणि हळूच म्हणाली, “सर, ह्या वयात असां व्हता. लाजूचा काय नाय. आमच्याकडे रोज येतत. उद्या मी डायपरांचा एक पाकीट आणून देतंय, कोणाक कळाचा नाय.”

‘हे बोक्याचे आहे’ असे मी म्हणणार होतो. परंतु मग पुढचा प्रश्न आला असता: गालिचा सगळा स्वच्छ, तर मग एवढाच भाग का राहिला, आणि तो आज ओला कसा?

तेव्हा कार्मेलिनाबाई बोलल्या. आवाज बाजारातला.

“अगो, तोंडां काय करतास अशी? वास येता काय? ह्यो माझ्या रेयाचो पराक्रम! महिनोभर मास्तर कुंपणार येवन बोंबलतत, तुझो बोको माझ्या घरात मुतता म्हणान. माकाच खरां वाटाक नाय. वाटतलां कसां? माका वास येणाच नाय. कोविड झालो तेवापासून. ना फुलांचो, ना गुवाचो.”

मग सॅविओची मावशी म्हणाली, “म्हणजे तू पावण्यांक न हुंगताच जेवूक घालतंस?”

“घालतंय. अजून कोण मेलो नाय.”

लोक हसले. चणे वाटले गेले. माझी विजार हा विषय संपला आणि कार्मेलिनाबाईंचे नाक हा विषय सुरू झाला. अंगणातून मावशीचा आवाज येत होता, की आपल्याकडचे पाहुणे यापुढे ती तिकडे जेवायला पाठवणार नाही.

आज सकाळपासून मी एकेक गोष्ट जुळवून पाहत आहे. करपलेला भात. बांगडे. काड्यापेटी. त्या खोटे बोलत नव्हत्या. ज्याचा सूड घ्यायचा तो अपराध अर्धा उरला, आणि जो सूड घेतला तो उलटा माझ्या गुडघ्यांवर आला. तरीही राग जिथल्या तिथे आहे. त्याला बसायला जागा मात्र राहिलेली नाही.

आणि खरे लिहायचे तर त्यांनी माझा पराभव केला. चारचौघांत मला वाचवून केला. याहून कडक सूड मला सुचला नसता.

दुपारी रिशेल पाकीट घेऊन आलीच. “असूं दे सर, घरात,” म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिल्या क्रमांकावर उरलेले सर्व द्रावण ओतले. आज वाळल्यावर ब्रश फिरवला. वास गेला. लवही उठली. मेल्विनाच्या दोन खुणा आता कुठे होत्या, ते मलाही नीट सांगता येत नाही. बराच वेळ तळहाताने चाचपून पाहिले.

संध्याकाळी खिडकीला बारीक जाळी ठोकली. खिडकी उघडीच आहे.

कार्मेलिनाबाईंच्या दोन्ही खोल्या शनिवार-रविवार असूनही रिकाम्या. अंगणात दिवा नव्हता.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. विमला पलीकडे मासळी देऊन गेली. कुंपणावरून हाक आली.

“मास्तरांनू, हंय येवा.”

गेलो. कार्मेलिनाबाईंनी शेपटीला धरून एक बांगडा माझ्या तोंडासमोर केला.

“हुंगा.”

“मी?”

“मगे कोण? रेय हुंगता, पण सांगणा नाय.”

मी हात मागे बांधून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “देवगडचे चार जण येतत आज. कोणीतरी सांगितल्यानी तेंका, बायेचा नाक गेला. तरी येतत. ह्येंकाय उलटी झाली तर खोल्यांक कुलूप लावून गोंयात भयणीकडे जातलंय मी. म्हणान हुंगा.”

मी तरीही हललो नाही. तेव्हा त्यांनी बांगडा खाली केला आणि आवाजही.

“एक इचारू? गालिचो सगळो सुको खणखणीत. माझ्याच गुडघ्याखाली ओलो कसो?”

याच्या उत्तराचे वाक्य कर्ता सांगितल्याशिवाय पूर्ण होणार नव्हते.

“माका नाक नाय, मास्तरांनू. गुडघे आसत.”

“मग त्या दिवशी आपण सर्वांसमोर तसे का म्हणालात?”

“गॅसाच्या दिसा धोतार फाडून धावलास मां? तां फिटलां. ओल्या गालिच्याचां उरलां आसा, तां तुमी फेडा. हुंगा.”

त्यांनी बांगडा पुन्हा वर केला. जिच्यावर मी गेला महिनाभर सूड उगवू पाहत होतो, ती बाई आपला सगळा धंदा माझ्या नाकासमोर टांगून उभी होती. ‘ताजा आहे’ एवढे दोन शब्द, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोल्यांना कुलूप. कुणाला कळलेही नसते. सुडाची इतकी सोय मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती.

मी कल्ल्यापाशी नाक नेले. दीर्घ श्वास घेतला. दुसरा घेतला, कारण अशा कामात घाई करू नये.

“कालचा आहे,” मी म्हणालो. “टोपलीतले खालचे दोन दाखवा.”

खालचे दोन ताजे होते. तसे मी स्पष्ट शब्दांत सांगितले आणि उद्यापासून मासळी घेण्याआधीच मला बोलवावे, नंतर नव्हे, असेही बजावले. त्या विमलाच्या नावाने काहीबाही पुटपुटत आत गेल्या आणि जाता जाता तो कालचा बांगडा कुंपणाच्या खांबाशी टाकून गेल्या.

रेय वाटच पाहत होता. माझ्या डोळ्यांदेखत त्याने तो डोक्यापासून शेपटीपर्यंत खाल्ला, पंजा चाटला, आणि चाटणे पूर्ण झाल्यावर माझ्याकडे पाहिले.

त्याचा हिशेब अद्याप मिटलेला नाही, हे मी येथे नमूद करून ठेवतो.